‘एक कोस मागितला तर दोन कोस चाल’ ही ख्रिस्ती शिकवण देणाऱ्यावर अन्याय करणारी नाही का?

तुमचा प्रश्न रास्त आहे. समोरचा बळजबरी करतोय आणि आपण वर आणखी एक कोस त्याच्यासोबत चालायचं, हे ऐकायला लाचारीसारखंच वाटतं.

पण येशूचं हे वाक्य (बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 5) ज्यांना सांगितलं ते रोमी अमलाखाली राहत होते. तिथे रोमी शिपायांना वाटेवरच्या कुणालाही वेठीला धरून ओझं वाहायला लावता येई. येशूचा क्रूस वाहायला वाटेने चाललेल्या कुरेनेकर शिमोनाला धरलं, तेही असंच. म्हणजे पहिल्या कोसात दानत वगैरे काही नाही, ती निव्वळ वेठबिगारी. दुसरा कोस मात्र कुणी लादलेला नसतो. तो चालताना हुकूम सोडणारा शिपाईच गोंधळात पडत असणार! माझ्या मते या शिकवणुकीचा गाभा इथे आहे: जिथे सक्ती संपते तिथून देणं सुरू होतं.

जक्कय या जकातदाराचं उदाहरण घ्या. फसवून घेतलेलं परत करताना पाचवा हिस्सा वर द्यावा, असं बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातला नियम सांगतो. हा गडी चौपट द्यायला निघतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. येशूने त्याच्याकडे पैशाचं काहीच मागितलेलं नव्हतं. बेथानी गावातल्या एका बाईने तर 300 दीनारांहून अधिक किमतीचं सुगंधी तेल एका क्षणात येशूच्या डोक्यावर ओतून टाकलं. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई. ‘हे विकून गरिबांना दिलं असतं तर?’ हा आक्षेप तिथे बसलेल्यांनीच घेतला आणि हिशेबाने तो बिनतोड आहे. तरी येशू तिची बाजू घेतो. मला हा प्रसंग अजूनही थोडा अवघड जातो, पण कदाचित तो तसाच असायला हवा.

असं ‘जास्तीचं’ देणं पुण्य म्हणून साठतं का, यावर खुद्द ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. कर्तव्यापलीकडचं सत्कर्म असतं, असं कॅथलिक परंपरा मानते. इंग्लंडच्या चर्चची मतं मांडणाऱ्या 39 कलमांपैकी 14वं कलम ही कल्पना साफ नाकारतं. त्याला आधार लूकच्या शुभवर्तमानातल्या 17व्या अध्यायाचा: सगळं केल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत, कर्तव्य तेवढं केलं’ असं म्हणा.

आता देणाऱ्याच्या नुकसानाबद्दल. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची (शोमरोन प्रांतातल्या माणसाची) येशूने सांगितलेली गोष्ट लोक अर्धीच सांगतात. तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, सकाळी मालकाला दोन दीनार देतो, ‘जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन’ म्हणतो आणि स्वतःच्या वाटेने निघून जातो. कामधंदा सोडून तो तिथे बसून राहत नाही. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल यानेही यरुशलेमेतल्या गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) लिहिलं की दुसऱ्यांची सोय व्हावी आणि तुम्ही ओढगस्तीत पडावं, असा माझा हेतू नाही. प्रत्येकाने मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं, कुरकुरत किंवा भिडेखातर नको. तेव्हा कुणी शास्त्रवचनं पुढे करून तुमच्याकडून सतत उकळत असेल, तर पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं हे दुसरं पत्र, अध्याय 8 आणि 9, त्याला खुशाल वाचून दाखवा.