नावावरच अडला, म्हणून नापास?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी आलेल्या तरुणाला स्वतःचं नाव सांगायलाच १० सेकंद लागली. पुढेही तो अडखळतच बोलला. लेखी परीक्षेत मात्र पहिला. समितीतले दोघे म्हणतात, ‘आत्मविश्वास नाही, काउंटरवर कसा टिकणार?’ काय करावं?
— सचिव, सातारा जिल्हा

उत्तर : घाबरलेल्याची ‘बोबडी वळते’, तो ‘त-त-प-प’ करतो, असं आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे अडखळला म्हणजे घाबरला, हे डोक्यात आधीच बसलेलं असतं. पण तुम्ही सांगता तो तोतरेपणा दिसतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही आणि तो भित्रेपणातूनही येत नाही. ताणाने वाढतो, इतकंच. शंभर प्रौढांत साधारण एकजण असा असतो, त्यात पुरुष जास्त.

नावावरच का अडला? बाकीचे शब्द चुकवता येतात, नावाला पर्याय नसतो. आणि ही चुकवाचुकवी मुलाखतीत अंगाशी येते. ‘तारण’ ओठांवर अडलं की उमेदवार ‘कर्जापोटी ठेवून घेतलेलं सोनं वगैरे’ असं लांबण लावतो. समोरच्याला वाटतं, याला साधा शब्दही ठाऊक नाही!

त्याला पुन्हा बोलवा. प्रश्न इतरांना विचारले तेच, वेळ मात्र जास्त, समजा २० ऐवजी ३५ मिनिटं. प्रश्न एकानेच विचारावेत. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. अंदाज चुकला की बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘सावकाश बोला, घाबरू नका’ हेही नको, त्याने सगळं लक्ष अडलेल्या शब्दावरच जातं. तो गप्प झाला म्हणजे उत्तर संपलं असं धरू नका. दोन-तीन सेकंद थांबा, मगच पुढचा प्रश्न.

गुणपत्रिकेत ‘व्यक्तिमत्त्व’ असा रकाना असेल तर तो आधी काढा. पहिल्या नजरेतलं मत तिथूनच गुणांत शिरतं. त्याऐवजी सगळ्याच उमेदवारांना काउंटरचं काम द्या : पैसे काढण्याच्या पाच स्लिपा, एकीवर सही जुळत नाही, एकीवर आकडा आणि अक्षरी रक्कम वेगळी. चूक सापडली का आणि ती खातेदाराला नीट समजावली का, एवढंच तपासा. गुण प्रत्येकाने आपापले लिहावेत, चर्चा नंतर. नाहीतर जो आधी बोलेल त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

निवड झाली तर वसुलीचे फोन परस्पर दुसऱ्याकडे देऊ नका. अनेकांना फोन सगळ्यात जड जातो, पण सगळ्यांना नाही. त्यालाच विचारा.