ऑटोकॅडच्या मॉडेलमध्ये (जिथे आपण ड्रॉइंग काढतो) तुटक असलेली रेषा लेआउटमध्ये (प्रिंटसाठीच्या कागदावर) सलग का होते? अक्षरं १:५० च्या व्ह्यूपोर्टमध्ये (लेआउटमधली मॉडेल दाखवणारी खिडकी) दिसतात, १:१०० च्या व्ह्यूपोर्टमध्ये का नाहीत?

ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे आणि एलटीस्केल (सगळ्या तुटक रेषांचे डॅश लहान-मोठे करणारा गुणक) १०० ठेवलंय, हे तुम्हीच लिहिलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

ऑटोकॅडच्या मेट्रिक लाइनटाइप (रेषांचे नमुने) फाइलमध्ये हिडन नावाच्या तुटक रेषेचा डॅश ६.३५ आणि मधली फट ३.१७५ असते. दहा मीटर लांब रेषेवर असे हजाराहून जास्त डॅश बसतात आणि पडद्यावर ती सलग भासते. मग आपण वैतागून एलटीस्केल १०० करतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. मॉडेलमध्ये डॅश ६३५ मिमीचा होतो आणि छान दिसतो. पण लेआउटमध्ये पीएसएलटीस्केल ही सेटिंग १ असेल तर डॅशची लांबी कागदावर मोजली जाते. म्हणजे प्रिंटवर एकेक डॅश ६३५ मिमी! ए१ कागदच ८४१ मिमी लांब. रेषा तुटायला जागा कुठे आहे?

म्हणून एलटीस्केल, पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल (मॉडेलसाठीची तशीच सेटिंग), तिन्ही १ करा. पीएसएलटीस्केल प्रत्येक लेआउटमध्ये जाऊन तपासा, एका ठिकाणी बदलून भागत नाही. मॉडेलमध्ये काम करताना खालच्या पट्टीवर अॅनोटेशन स्केल (अक्षरं, डॅश वगैरे कोणत्या प्रमाणात दाखवायचे ते) १:१०० निवडा, एमएसएलटीस्केलमुळे डॅश त्या प्रमाणात मोठे होतील. शेवटी रीजेनऑल (सगळं ड्रॉइंग पडद्यावर नव्याने काढणारी कमांड) द्या. हे विसरल्यामुळे मी एकदा अर्धा दिवस नसलेली चूक शोधत बसलो होतो. सगळीकडेच डॅश लांब वाटले तर एलटीस्केल ०.५ करा, पण १०० च्या वाटेला पुन्हा जाऊ नका.

एवढं करूनही एखादीच रेषा ऐकत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये तिचा स्वतःचा लाइनटाइप स्केल बघा. तो एलटीस्केलशी गुणला जातो. कोणीतरी सीईएलटीस्केल (नव्या रेषांना मिळणारा लाइनटाइप स्केल) बदलून काढलेल्या रेषा तो आकडा कायम घेऊन फिरतात. सगळं सिलेक्ट करून १ करून टाका. छोट्या-छोट्या तुकड्यांची पॉलिलाइन असेल, कंटूरसारखी, तर तिचं लाइनटाइप जनरेशन चालू करा. नाहीतर प्रत्येक तुकड्यावर पॅटर्न नव्याने सुरू होतो आणि आखूड तुकडे सलगच राहतात.

आता अक्षरं. टेक्स्ट अॅनोटेटिव्ह (स्केलनुसार आपला आकार बदलणारं) आहे, पण त्याच्या स्केलच्या यादीत फक्त १:५० आहे. त्यामुळे १:१०० च्या व्ह्यूपोर्टला ते आपलं वाटतच नाही. ऑब्जेक्टस्केल कमांडने १:१०० जोडा. अक्षरांची उंची कागदावरची द्यायची, २.५ किंवा ३.५ मिमी. २५० वगैरे आकडे विसरा, तो गुणाकार आता सॉफ्टवेअर करतं. व्ह्यूपोर्टचा स्केल आणि त्याचा अॅनोटेशन स्केल एकच आहेत ना, तेही पाहा आणि मग व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक न केलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये माउसचं चाक चुकून फिरलं की केलेलं सगळं पाण्यात.

स्केल आपोआप जोडणारं अॅनोऑटोस्केल मात्र मी बंदच ठेवतो. त्याने नको त्या टेक्स्टला नको ते स्केल चिकटतात आणि १:१०० मध्ये अक्षरांची खिचडी होते. कुठे अक्षरं एकमेकांवर चढलीच तर मॉडेलमध्ये अॅनोटेशन स्केल १:१०० ठेवून ते टेक्स्ट ग्रिपने (निवडल्यावर दिसणाऱ्या छोट्या चौकोनाने) सरकवा. १:५० मधली त्याची जागा हलत नाही.