पाणपोईला अध्यक्ष हवा का?

प्रश्न : आमच्या वस्तीतले सुमारे चाळीस जण गेली सात वर्षे चौकात पाणपोई चालवत आहोत. गुढीपाडव्याला रांजण मांडायचे आणि मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की उचलायचे, असा आमचा नेम आहे. आम्हांला अध्यक्ष नाही, सचिव नाही, नोंदणीही नाही. पहाटे पाणी कोण भरणार, रांजण कोण घासणार, वाळ्याची जुडी कोण बदलणार हे बोलाचालीतच ठरत आले आहे. यंदा काही तरुण सभासदांनी असे मांडले की अध्यक्ष नेमल्याशिवाय हे काम फार काळ टिकणार नाही, तर जुन्या मंडळींना वाटते की अध्यक्ष आला की गट फुटेल. नेता नसताना माणसे एकत्र राहू शकतात याला काही आधार आहे, की आजवर केवळ आमचे नशीब बरे होते? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सात उन्हाळे नुसत्या नशिबावर निघत नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत रोज पहाटे उठून, कोणी पाहत नसताना, रांजण घासून भरून ठेवण्याचे काम सात वर्षे चालले, याचा अर्थ आपल्या गटात नियम आहेत, फक्त ते लिहिलेले नाहीत आणि त्यांखाली कोणा एकाची सही नाही. अध्यक्ष नसणे आणि नियम नसणे या दोन गोष्टी आपल्या चर्चेत एकमेकींत मिसळल्या आहेत असे पत्रावरून वाटते, म्हणून त्या आधी वेगळ्या करतो.

सामाईक गोष्ट एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी मालकीत वाटून टाकावी, अन्यथा ती उजाड होते, असा समज अभ्यासकांत पुष्कळ काळ रूढ होता. अमेरिकी अभ्यासक एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावांची सामाईक जंगले, स्पेनमधील कालवे, फिलिपिन्समधील शेतकऱ्यांनी चालवलेले पाट अशा, काही तर शतकानुशतके टिकलेल्या, व्यवस्था तपासून 1990 साली दाखवून दिले की तिसरी वाटही आहे. या कामासाठी त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही खुणा पुन्हा पुन्हा आढळल्या. आपल्यात कोण आणि बाहेरचा कोण हे सर्वांना ठाऊक असते, नियम पाळणाऱ्यांचा नियम बनवण्यात हात असतो, कामावर नजर ठेवणारे सभासदांतलेच किंवा सभासदांना उत्तर देणारे असतात, आणि भांडण मिटवण्याची जागा जवळची व बिनखर्चाची असते. या खुणांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती शिक्षेची चढती पायरी. पहिल्यांदा चुकलेल्याला नुसती आठवण दिली जाते, दुसऱ्यांदा चारचौघांत विचारले जाते, आणि कठोर उपाय अगदी शेवटी येतो. आपल्याकडे एखाद्याची पहाटेची पाळी चुकली तर शेजारी त्याच्या घरी जाऊन ‘बरे आहे ना?’ असे विचारत असेल, तर ती पहिली पायरी आपण कोणत्याही अभ्यासाशिवाय घातलेली आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड पद्धत पाहावी. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत विभागलेली असते आणि एका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात, त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथी न बसता सर्वांत वाटला जातो. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे आणि राखणीचे काम जागल्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी वळवून घ्यायचे नाही. म्हणजे तिथे कामे नेमून दिलेली आहेत, अधिकारही आहेत, पण पाटकऱ्याचा अधिकार पाटापुरता असतो. त्याच्या शब्दावर गाव चालत नाही. आपल्या तरुण सभासदांना नेमके काय हवे आहे हे विचारून पाहा. कामाचा माणूस ठरलेला असावा एवढेच त्यांचे म्हणणे असेल, तर त्यासाठी अध्यक्षाची गरज नाही.

मात्र जुन्या मंडळींनाही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आमच्यात कोणी पुढारी नाही असे म्हणणाऱ्या गटात पुढारी बहुधा असतोच, तो फक्त दिसत नाही. अमेरिकेतील स्त्री-चळवळीच्या अनुभवावरून जो फ्रीमन यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी हे फार स्पष्टपणे मांडले होते : उघड रचना नाकारणाऱ्या गटात जुन्या मैत्रीचे एक वर्तुळ निर्णय घेऊ लागते, आणि ते वर्तुळ कागदोपत्री नसल्यामुळे त्याला जाबही विचारता येत नाही. आपण स्वतःशीच तपासून पाहा की टँकरवाल्याचा फोन नंबर कोणाकडे आहे, रांजण ठेवण्याच्या खोलीची किल्ली कोणाच्या घरी असते आणि मागच्या वर्षीच्या वर्गणीतून किती रक्कम उरली हे किती जणांना सांगता येईल. या सगळ्याचे उत्तर त्याच एक-दोन घरांपाशी येऊन थांबत असेल, तर आपल्या गटाला अध्यक्ष आहे आणि त्याला बदलण्याची सोय तेवढी नाही. तरुणांची अस्वस्थता त्यातून आली असण्याचा बराच संभव आहे, आणि ती अस्वस्थता रास्त आहे.

यावर माझी सूचना साधी आहे. एक वही करावी आणि ती रांजणांपाशीच, कोणालाही उघडून पाहता येईल अशी ठेवावी. तीत जमाखर्च, पाळ्या, टँकरवाल्याचा नंबर, मडकी कोणत्या कुंभाराकडून घेतली हे सगळे असावे. किल्ली दर रविवारी पुढच्या घरी जावी. पुढेमागे नोंदणी करावीशी वाटली तर संस्था नोंदणी अधिनियम, 1860 नुसार किमान सात सभासद लागतात आणि कार्यकारी मंडळ दाखवावे लागते. पण कागदावरील पदे दरवर्षी फिरती ठेवण्यास कोणाची आडकाठी नसते.

प्रश्न : हिवाळ्यात शहराबाहेरच्या शेतांवर भोरड्यांचे प्रचंड थवे एका अंगाने वळताना दिसतात. माझे विद्यार्थी विचारतात की त्यांचा पुढारी कोण? आणि त्यातून माणसांनी काही घ्यावे का? — एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : विद्यार्थ्यांना निःशंकपणे सांगावे की थव्याला पुढारी नसतो. भोरडीच्या युरोपीय जातभाईंचे थवे रोम शहरावर जमतात. इटालियन शास्त्रज्ञांनी एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे घेऊन हजारो पक्ष्यांची स्थाने मोजली आणि 2008 साली असे मांडले की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सुमारे सहा-सात पक्ष्यांशीच जुळवून घेत असतो. यातली खुबी अशी की तो अंतर धरत नाही, संख्या धरतो. ससाणा झेपावला आणि थवा विस्कटून लांबला, तरी जवळचे सहा-सात हे कुठेही असले तरी सहा-सातच राहतात, म्हणून धागा तुटत नाही आणि थवा पुन्हा जमतो. त्याआधी 1987 साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर दाखवले होते की शेजाऱ्याला धडकू नये, शेजाऱ्यांच्या दिशेने उडावे आणि त्यांच्यापासून फार लांब जाऊ नये, एवढे तीनच नियम दिले तरी पडद्यावर खराखुरा वाटणारा थवा उडू लागतो.

माणसांनी यातून काय घ्यावे, तर शेजाराचे महत्त्व. वरच्या पत्रातील चाळीस जणांपैकी प्रत्येकाला इतर एकोणचाळीस जणांची बित्तंबातमी असण्याची गरज नाही. आपल्या आधीची पाळी कोणाची आणि नंतरची कोणाची, एवढे पक्के ठाऊक असले आणि त्या दोघांशी रोजचे बोलणे असले तर व्हॉट्सॲपवरील शंभर निरोपांपेक्षा ते अधिक कामाचे ठरते.

याला जोडून वाळवीचेही उदाहरण द्यावे. वारूळ बांधणाऱ्या वाळवीला आराखडा ठाऊक नसतो. आधीच्या कामकऱ्याने ठेवलेला मातीचा गोळाच पुढच्याला तिथे गोळा ठेवायला उद्युक्त करतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी 1959 साली या प्रकाराला वेगळे नाव दिले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हे माणसांच्या पातळीवर पाहायला मिळते. स्मारकाच्या आवारासाठी समिती आहे, महापालिका आणि पोलीस आहेत. पण लाखोंच्या संख्येने येणाऱ्या अनुयायांसाठी रस्तोरस्ती भोजनदान करणारी जी लहान लहान मंडळे असतात, ती इथे भाजी-पोळी आधीच मिळते आहे असे पाहून थोडे पुढे आपले टेबल मांडतात. मांडलेले टेबलच पुढच्याला जागा दाखवते. रिकामा रांजणही तेच करतो. तो सर्वांना दिसेल असा ठेवला पाहिजे, इतकेच.

पण विद्यार्थ्यांना दुसरी बाजूही अवश्य सांगावी. काही लष्करी मुंग्या डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढच्या मुंगीच्या वासावर चालतात. त्यांची रांग कधी चुकून स्वतःच्याच शेपटाला जाऊन मिळते आणि मग हजारो मुंग्या थकून मरेपर्यंत वर्तुळात फिरत राहतात. शेजाऱ्याशी जुळवून घेणे पुरेसे नसते, कोणीतरी अधूनमधून मान वर करून बाहेर पाहावे लागते.

प्रश्न : आमच्या बचत गटात सर्वांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही असे ठरले आहे, पण एकच बाई दर वेळी अडून बसतात. मतदान घ्यावे का? — एक भगिनी, नागपूर

उत्तर : घाई करू नये. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देऊन दशकानुदशके ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेतले. एकाचाही विरोध असेल तर निर्णय लांबवायचा आणि पुन्हा बोलायचे, अशी तिथली रीत आहे. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा सावकाश चालणाऱ्या या पद्धतीने काहीच होत नाही असे म्हणता येणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांनी निर्णयाची बैठक आणि अभ्यासाची बैठक वेगळी ठेवली; अभ्यास गटात शंका, माहिती, उलटसुलट बोलणे सगळे होते, पण तिथे काहीही ठरवायचे नसते, त्यामुळे कोणालाही हरण्याची भीती नसते. पवनारला विनोबांनी 1959 साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनीही एकमताचीच वाट धरली.

मधमाश्यांची एक गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. पोळे फुटून निघालेला मधमाश्यांचा घोळका नव्या घराची निवड करतो तेव्हा राणी काहीच ठरवत नाही. काही शे शोधक माश्या जागा पाहून येतात आणि जागा जितकी चांगली तितका जोमदार नाच करून इतरांना तिकडे धाडतात. टॉमस सीली या अभ्यासकाने युरोपीय मधमाश्यांवर प्रयोग करून दाखवले की प्रत्येक शोधक माशी दर फेरीला आपला नाच थोडा कमी करत जाते, आणि एखाद्या जागेवर वीस-तीस जणी एकाच वेळी जमल्या की निवड पक्की होते. कोणालाही हरवावे लागत नाही, ज्या जागेला नवे समर्थन मिळत नाही तिचा आवाज आपोआप विरतो. माणसांचे याच्या उलट होते. एकदा अडून बसलो की पुढच्या बैठकीत आपण अधिक जोराने अडून बसतो, कारण आता प्रश्न अब्रूचा झालेला असतो.

म्हणून त्या बाईंचा विरोध वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि वाचून दाखवावा. मग त्यांना विचारावे, ‘ताई, हे तुम्हाला पटत नाही, की यामुळे गटाचे नुकसान होईल असे वाटते?’ नुसते पटत नसेल, तर आक्षेप नोंदवून सहा महिन्यांपुरता निर्णय अमलात आणण्यास त्या बहुधा संमती देतील, आणि फेरविचाराची तारीख त्याच पानावर लिहावी. नुकसान होईल असे वाटत असेल तर ते कसे, हे सर्वांनी पुरते ऐकावे. कर्ज बुडण्याची शक्यता एकटीलाच दिसली असे अनेक गटांत घडते. मतदान कायमचे वर्ज्य मानण्याचे कारण नाही, पण ते कोणत्या विषयांवर आणि किती बैठकींनंतर घ्यायचे हे आत्ताच, कोणताही वाद चालू नसताना, त्या बाईंसह ठरवून ठेवावे.