‘ऑथर’मधला उपरा ‘एच’

‘ऑथर’चा उच्चार ‘ऑटर’ असा करणारा परभाषक चुकतो का आणि त्यातला ‘थ’ म्हणजे आपलाच ‘थ’ का, असे एका वाचकाने विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. ‘थांब’ म्हणताना जीभ दातांना टेकते, वाट पुरती अडते आणि मग हवा एकदम सुटते. ‘थिंक’मध्ये वाट अडतच नाही, हवा जीभ आणि दात यांच्यामधून घासत जाते, म्हणून तो ध्वनी ‘स’प्रमाणे दम असेपर्यंत लांबवता येतो. एक स्पर्श, दुसरा घर्षक. दोन्ही एकच असल्याप्रमाणे नुसता ‘थ’ छापून मोकळे होणारे शब्दकोश मला खटकतात. पण ‘सिंक’ म्हणणाऱ्या फ्रेंच माणसाला अडाणी ठरवणारे उच्चारशिक्षक त्याहून अधिक खटकतात, कारण लंडनमध्ये जन्मलेले कित्येक लोक ‘फिंक’ म्हणतात आणि आयर्लंडमध्ये तर तिथे दंत्य स्पर्शच सर्रास ऐकू येतो.

आता ‘ऑथर’. मूळ लॅटिन शब्दात ‘एच’ नव्हताच. ‘वाढवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. बोली वाढवत नेणारे ‘ऑक्शन’ त्याच धातूचे, आणि आपले ‘ओजस्’ही त्याच कुळातले, म्हणजे लेखक, लिलाव आणि ओज ही एका घरची भावंडे! फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावरही त्यात ‘ट’च होता. पुढे ‘ऑथेंटिक’सारख्या अस्सल ग्रीक शब्दांच्या धाटणीवर कुणा पंडिती लेखण्यांनी त्यात ‘एच’ घुसवला आणि कालांतराने जिभा स्पेलिंगच्या मागे गेल्या. ‘टेम्स’ नदीच्या नावातही असाच ‘एच’ घुसला, तिथे मात्र उच्चार बधला नाही.

माझा आवडता मुद्दा याच्याही पुढचा आहे. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये ‘थीटा’ हे अक्षर घर्षक नव्हते, तर महाप्राण स्पर्श, म्हणजे जवळपास आपल्या ‘थ’सारखेच होते, घर्षक उच्चार ग्रीकमध्ये नंतर रुजला. त्यामुळे ‘थीम’ किंवा ‘थिअरी’ हे ग्रीक शब्द आपल्या ‘थ’ने उच्चारणारा माणूस, निदान त्या एका व्यंजनापुरता, इंग्रजापेक्षा प्लेटोला जवळचा आहे, आणि त्याला सुधारायला निघालेल्यांनी एवढे तरी ठाऊक करून घ्यावे.

‘ऑटर’ आज चूकच धरला जातो. ‘अँटनी’ मात्र ब्रिटनमध्ये ‘ट’नेच म्हणतात, तर अमेरिकेत बहुधा ‘अँथनी’. तोही ‘एच’ उपराच.