ऐनाच्या फांदीला लटकलेले टणक 'फळ' नेमके कशाचे?

गडचिरोलीच्या जंगलात, पाने झडलेल्या ऐनाच्या फांदीला देठाने लटकलेले अंडाकृती, टणक फळ आपल्याला मिळाले असून ते कापून पाहावे का, असे आपण विचारले आहे. कृपया कापू नका. ते फळ नसून टसर रेशमाच्या पतंगाचा (अँथेरिया मायलिट्टा) कोश आहे. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. त्याला कुठेही भोक नसेल आणि तो हातात जड लागत असेल, तर आतला जीव बहुधा जिवंत आहे.

या कोशाचा देठ मला सर्वांत विलक्षण वाटतो. ऐन किंवा अर्जुनाची पाने खाऊन बोटापेक्षा जाड झालेली हिरवी अळी आधी दोन-तीन पाने जवळ ओढून आडोसा करते, डहाळीभोवती रेशमाचे घट्ट कडे विणून त्यातून देठ खाली आणते आणि मगच त्या आडोशाला स्वतःभोवती कोश विणू लागते. कोश नुसता पानाला चिकटवला असता, तर पानगळीत तो पानासकट जमिनीवर पडून मुंग्या-उंदरांच्या तोंडी गेला असता. देठामुळे तो उघड्या फांदीवर टिकतो आणि आतला जीव हिवाळा व उन्हाळा निद्रावस्थेत काढतो.

पावसाळ्याच्या सुमारास पतंग तोंडातून एक पाचक द्रव सोडतो, त्याने देठाकडचे टोक मऊ पडते आणि धागे बाजूला सारून तो बाहेर येतो. मादी पिवळसर, नर बहुधा तांबूस. चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक गोल ठिपका असतो. तोंडाचे अवयव खुरटलेले असल्यामुळे पतंग काहीच खात नाही आणि अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात नराला पिसांसारख्या मिशांनी मादीचा गंध हेरून तिच्यापर्यंत पोहोचायचे असते.

पतंग बाहेर पडलेल्या कोशातून अखंड धागा काढता येत नाही, म्हणून रेशमासाठी ठेवलेल्या कोशांतला जीव उष्णतेने आधीच मारतात. विदर्भातील ढीवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे कोश पिकवत आली आहेत. मात्र तुतीच्या रेशीमकिड्यासारखी ही अळी घरात वाढत नाही, तिला झाडावरच सोडून पाखरांपासून राखावे लागते.

फांदी अजून झाडावर असेल तर कोश तिथेच राहू द्या. ती घरी आणली असेल, तर सावलीत, मोकळ्या हवेत, देठ वर ठेवून टांगा आणि खाली भरपूर जागा सोडा. कोशातून निघाल्यावर पतंगाला लोंबकळूनच पंख पसरावे लागतात आणि अडचणीत ते कायमचे चुरगळलेले राहतात.