वुडहाउस सुरू करताय? आधी ब्लँडिंग्जला जा

इंग्रजी विनोदी लेखक वुडहाउसच्या जीव्ह्ज या हुशार नोकराचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण माझं ऐकाल तर आधी ब्लँडिंग्ज नावाच्या गढीवरच्या कथा घ्या. १९३५ च्या ‘ब्लँडिंग्ज कॅसल अँड एल्सव्हेअर’ या संग्रहात त्यातल्या सहा आहेत. कादंबऱ्या नंतर बघू. तिथे इतके लोक खोट्या नावानं वावरतात की नवखा माणूस चक्रावतो.

पहिल्यांदा डुकरिणीची कथा वाचा. इंग्लंडमधल्या श्रॉपशरचे अर्ल, म्हणजे सरदार, लॉर्ड एम्सवर्थ. त्यांचा डुकरं सांभाळणारा गडी दारू पिऊन दंगा केला म्हणून चौदा दिवस आत जातो आणि त्यांची लाडकी डुकरीण एम्प्रेस अन्नाला तोंड लावेनाशी होते. तिला ज्यात उतरवायचं ते प्रदर्शन तोंडावर आलेलं! घरात भाचीनं ठरलेलं लग्न मोडलंय, बहीण डाफरतेय. अर्लसाहेबांच्या डोक्यात फक्त डुकरीण.

मग भोपळ्याची कथा. अर्ल हेडमाळ्याला काढून टाकतात, आणि बक्षिसाचा भोपळा धोक्यात आल्यावर त्याच्या जागी दुसरा शोधायला लंडनला धावतात. तिथे केन्सिंग्टन गार्डन्समध्ये ट्यूलिप तोडताना पकडले जातात आणि शेवटी त्याच माळ्याला परत ये म्हणून विनवतात. मालक नोकराला टरकून असतो, ही गंमत सगळीकडे सापडेल.

शेवट काय, हे पहिल्या पानावरच कळतं, त्यामुळे कथानकामागे धावू नका. क्षुल्लक गोष्ट वुडहाउस गंभीर, लांबलचक वाक्यात सांगतो, म्हणून सावकाश वाचा, जमलं तर मोठ्यानं. बायबल-शेक्सपिअरचे संदर्भ अडले तर खुशाल सोडा. आणि हो, मंदी, बेकारी वगैरे इथे शोधू नका. ते त्याचं दुकानच नव्हे. एका बैठकीत दोनच कथा, जास्त नकोत.