जुने कागद, जुने फोटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घर पाडायला काढले तेव्हा माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आजोबांचे चार हातमाग होते. पेटीत सूत-खरेदीच्या वह्या, मजुरीचे हिशेब, तेलुगू आणि मराठी पत्रे, शिवाय १९३० च्या मार्शल लॉच्या वेळची वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. सगळे लॅमिनेट करून घ्यावे का?
– साखर पेठ, सोलापूर

उत्तर : मुळीच नको. लॅमिनेशनमध्ये कागद गरम प्लास्टिकला कायमचा चिकटतो आणि पुढे तो सोडवता येत नाही. सेलोटेपही लावू नका. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो.

पेटी उपसण्याआधी कागद ज्या क्रमाने ठेवलेत त्याचे फोटो काढा. कोणते पत्र कोणत्या वहीत होते यावरूनही बरेच कळते. पत्रे एकीकडे, पावत्या दुसरीकडे अशी वाटणी केली की तो दुवा तुटतो. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या आणि तो मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात लिहा. पेनची शाई नको.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढल्या की कागद फाटतो. कागद पालथा घालून टाचणीचे टोक आधी सरळ करा, मग हळूच सरकवा. धूळ कोरड्या, मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. ओले फडके लावू नका. बोरूने लिहिलेल्या जुन्या कागदांवरची काजळाची शाई पाण्याने लगेच पसरते.

कात्रणे आधी बाजूला काढा. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. तो स्वतः तांबूस पडतो आणि शेजारच्या पत्रावरही डाग उठवतो. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स करून ती त्याच्या जागी ठेवा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात.

पेटी पुन्हा माळ्यावर नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली उष्णता त्याहून वाढते आणि कागद ठिसूळ होतो. पाठोपाठ पावसाळी दमट हवा आली की बुरशी. त्यापेक्षा आतल्या खोलीतले लोखंडी कपाट बरे, भिंतीपासून थोडे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे वाळवी आली तर दिसेल. गठ्ठे धुतलेल्या, खळ काढलेल्या कोऱ्या मलमलीत बांधा. दफ्तरखान्यांत कागद अशाच रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत आहे. वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालेल, पण कागदाला टेकवू नका.

आणि मजुरीच्या वह्या रद्दीत देऊ नका. लोक मानपत्रे जपतात आणि हिशेब विकतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. सुताचा भाव काय होता, कोणाला किती आगाऊ रक्कम दिली, काम कोणत्या महिन्यात बंद होते, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागवाल्यांबद्दल सांगणारे कागद एरवी फार थोडे मिळतात.

प्रश्न : जमिनीच्या मोडी कागदावर ‘फसली १२९०’ लिहिले आहे. इसवी सन कोणते?
– बार्शी

उत्तर : फसली म्हणजे शेतसाऱ्याचे साल. आपल्याकडच्या फसली सनात ५९० मिळवा. हे वर्ष जूनमध्ये मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ५९१. तुमचा कागद १८८०-८१ चा. कागदावर ‘शके’ असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत साधारण ७९. त्याहून जुन्या कागदात साल अरबी शब्दांत येते. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, असे ११७३. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७२-७३. लिप्यंतर करून घेताना साल, मास, तिथी जशीच्या तशी उतरवून घ्या आणि इसवी तारीख कंसात वेगळी लिहा.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले लग्नाचे फोटो निघत नाहीत.
– अक्कलकोट

उत्तर : आधी फोटो अल्बममध्येच असताना त्यांची कॅमेऱ्याने छायाचित्रे घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मग मेण नसलेला दातांचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. अडला तर थांबा, ओढू नका. ड्रायरची हवा देऊ नका, फोटोचा थर सुटतो. स्कॅनिंग ६०० डीपीआयवर, टिफ या फाइल-प्रकारात. पत्रांना ३०० पुरते.

प्रश्न : कागद संस्थेला द्यायचे आहेत. काय पाहावे?
– पंढरपूर

उत्तर : यादी केल्याशिवाय एकही कागद देऊ नका. यादीच्या दोन प्रती करून एकीवर पोच घ्या. पुण्यात राज्याच्या पुराभिलेख खात्याचे पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. पण आधी विचारा, कागद तिथे वाचकाला मिळतात का? सूची कोण करणार? संग्रह एकत्र राहील की विषयवार फोडतील? दानपत्रात हे लिहून घ्या. आजारपण, घरगुती तंटे यांची पत्रे अमुक वर्षे बंद ठेवावीत अशी अटही घालता येते. लक्षात घ्या, आलेले पत्र कागद म्हणून तुमचे, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. छापण्याची परवानगी तुम्ही एकट्याने देऊ शकत नाही, हे दानपत्रातच नमूद करा.